खरवस आणि आबांचं यकृत

"खोटं!" कस्तुरी एवढ्या जोरात ओरडली, की हातातला खरवसाचा डबा पडता पडता वाचला.

तपासणी केंद्रातला यंत्रमानव टिपूर मात्र ढिम्म. "रक्तात सापडलाय. तुझ्या आबांच्या यकृतात (उजवीकडे, बरगड्यांखाली असतं ते) एक विषाणू राहतोय. बहुधा तीस वर्षांपासून."

तीस! कस्तुरीला अजून बारावंसुद्धा लागलं नव्हतं! आणि आबा म्हणजे रोज शंभर सूर्यनमस्कार घालणारा गडी. दुखणं नाही, खुपणं नाही!

"अरे, तेव्हा कावीळ झालेली," आबा म्हणाले. "पण माळ घातली की! औषधी काड्यांची. आठ दिवसांत छातीवरनं बेंबीपर्यंत आली. माळ उतरली, कावीळ उतरली!"

"काड्या वाळतात, गाठी सैल पडतात. माझ्या गळ्यातही उतरली असती," टिपूर म्हणाला. "पिवळेपणा आपोआप गेला, विषाणू आतच राहिला. तो यकृताला जखमा करतो. जखम भरली की वण राहतो. वण साठले की यकृत कडक होतं. फारच कडक झालं, तर कामच थांबतं."

कस्तुरीनं डबा टेबलावर ठेवला. "मग ते कडक झालंय का, बघायचं कसं? कापून?"

"पूर्वी सुई खुपसून तुकडा काढायचे. तू आधी खरवसाला टिचकी मार."

"आँ?"

मारली. खरवस थुलथुलला. थरथर सावकाश पलीकडे पोचली.

"आता एक हात टेबलाच्या या टोकाला ठेव. त्या टोकाला टिचकी."

टक्! "लगेच कळली की!"

"मऊ वस्तूत थरथर रमतगमत जाते. कडक वस्तूत सुसाट."

मग आबा एका भल्यामोठ्या नळकांड्यात आडवे झाले. बरगड्यांवर एक चपटी डबी, ती धडधडायला लागली. यंत्र चुंबकीय चित्र (मोठं चुंबक शरीरातल्या पाण्याच्या कणांना हाक मारतं, त्यांच्या उत्तरातून बनलेलं चित्र) काढू लागलं. पडद्यावर यकृतातल्या लाटाच दिसायला लागल्या!

"मऊ यकृतात लाटा सावकाश जातात, म्हणून दाटीवाटीनं असतात," टिपूर म्हणाला. "कडक यकृतात—"

"लांब लांब." कस्तुरीनं पडद्याकडे बोट दाखवलं. समोरच्या लाटा लांब लांबच होत्या.

"कडकपणाच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. पण वेळेत सापडलं! बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या, विषाणू बहुतेक वेळा पार जातो. मग वणही हळूहळू विरू शकतात. वर्षानं पुन्हा लाटा बघू."

आबा उठून बसले. "पण हा आला कुठून रे?"

"रक्तातून. एकच सुई अनेकांना टोचली, तर."

आबा पांढरेफटक पडले. "तालमीत एक कंपाउंडर यायचा. ताकदीचं इंजेक्शन म्हणून द्यायचा. आम्ही अकरा जण रांगेनं उभे राहायचो. सुई एकच."

"अकरा?" कस्तुरी किंचाळलीच. "माळ कितीजणांनी घातली?"

"चौघांनी. बाकीच्या सातांना काहीच झालं नाही. अजून ठणठणीत..."

आबा बोलता बोलता थांबले. ठणठणीत तर ते स्वतःही होते! आज सकाळपर्यंत!

कस्तुरीनं फोन काढलासुद्धा. "पहिला नंबर कुणाचा, आबा?"

"सर्जेरावाचा लाव. भित्रा आहे लेकाचा. त्याला सांग, पोट कापत नाहीत, नुसतं थरथरवतात. आणि खरवस ठेवलाय म्हणावं, पण आजच ये!"