पोपटी ड्रोन आणि माळावरचा हिरवा डाग

पार्थला ड्रोनवर वाघाचे पट्टे हवे होते, दिशाला पोपटी रंग हवा होता आणि अरफाला हवं होतं की या दोघांनी आधी पाच मिनिटं गप्प बसावं.

तिघं सावेडीत, अरफाच्या अब्बांच्या, म्हणजे गनीभाईंच्या रेडियमच्या दुकानात बसली होती. गाड्यांवरची नावं, टेम्पोच्या काचांवरच्या ओळी, रिक्षांच्या पाठीवरची नक्षी, सगळं त्या दुकानात रंगीत रेडियम कापून तयार व्हायचं. अरफा आठव्या वर्षापासून ब्लेड धरत होती. आता तेराव्या वर्षी तिचा हात कुठल्याही कारागिराइतका सरळ चालायचा.

ड्रोन पार्थचा होता. मामांनी वाढदिवसाला दिलेला, तळहाताएवढा, राखाडी रंगाचा. शहरात लष्कराचा भाग असल्यामुळे तिथे तो उडवायचा नाही, असं पार्थच्या बाबांनी बजावलं होतं. म्हणून गेल्या रविवारी तिघं दिशाच्या गावी, केडगावच्या पुढे पुणे रस्ता सोडून आत असलेल्या बोरमाळला गेली होती. तिथे ड्रोन वर गेला आणि त्या राखाडी आभाळात डोळ्यांदेखत विरघळला. तासाभराने तो घाणेरीच्या झुडपात सापडला, तोही एक पंखा मोडून. त्याच दिवशी ठरलं की ड्रोनला रंगीत स्किन चढवायची, म्हणजे अंगाला बेतून कापलेलं पातळ रंगीत रेडियम. फक्त रंग कुठला, ते ठरत नव्हतं.

गनीभाई काचेवर अक्षरं बसवत बराच वेळ ऐकत होते. शेवटी मान वर न करताच म्हणाले, "जवळून सगळंच छान दिसतं, बेटा. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचं असतं."

अरफाला एवढं पुरेसं होतं. तिने भांडण तिथेच मिटवलं. कुणाला काय आवडतं हा प्रश्न नाही, लांबून काय दिसतं हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बोरमाळच्या माळावर मिळेल. तिने चार स्किन कापल्या: काळी, केशरी, झगझगीत गुलाबी आणि पोपटी. ड्रोनच्या पोटाखालचे सेन्सरचे बारीक डोळे आणि हवा जायच्या फटी तिने मोकळ्या ठेवल्या. अम्मीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक स्किनचं वजन केलं. हलक्या ड्रोनला पाच ग्रॅमसुद्धा जड होतात, हे पार्थने तिला तीनतीनदा सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी गनीभाईंनी अरफा आणि पार्थला बोरमाळला दिशाच्या घरी सोडलं. शुक्रवारपर्यंत मुक्काम होता.

परीक्षेची पद्धत अरफाने ठरवली. दिशाने पाठ करून उभं राहायचं. पार्थने ड्रोन उडवून चाळीस पावलांच्या आत कुठेतरी उतरवायचा. अरफाने हाक मारली की दिशाने वळायचं आणि ड्रोन शोधायचा. वेळ मोबाईलवर मोजायची, वहीत लिहायची.

आभाळातला निकाल लवकर लागला. वर गेल्यावर खालून सगळे रंग काळेच दिसत होते, त्यातल्या त्यात खरा काळा सगळ्यांत ठळक. जमिनीवर मात्र उलटं झालं. काळा ड्रोन दगडासारखा दिसायचा, तो शोधायला दिशाला वीस सेकंद लागले. केशरीला नऊ, गुलाबीला चार. पोपटीला सहा. मे महिन्यातला माळ तो, सगळं गवत वाळून खाकी झालेलं, त्यात पोपटी रंग लपणार तरी कुठे? दिशाची कॉलर ताठ झाली.

प्रत्येक रंगाची तीन वेळा परीक्षा घ्यायची असं अरफाचं म्हणणं होतं. पोपटीच्या तिसऱ्या खेपेला पार्थने ड्रोन उताराच्या पायथ्याशी, एका खुरट्या बाभळीपलीकडे उतरवला. दिशा वळली आणि शोधत राहिली. तीस सेकंद झाले, साठ झाले. नव्वदाव्या सेकंदाला तिने हात टेकले.

पार्थच्या मते दिशाचे डोळे उन्हाने थकले होते. तो आकडा खोडून पुन्हा एकदा घ्यावा असं त्याने सुचवलं. पण अरफाला खोडवेना. बाकी अकरा आकडे शहाण्यासारखे वागत असताना बारावाच असा का वागला? ती स्वतः उतार उतरून बाभळीपर्यंत गेली.

ड्रोन तिच्या पायापासून दोन हातांवर होता आणि तिलाही तो आधी दिसला नाही. कारण तिथे हिरवं होतं. दाट, लुसलुशीत हरळी, मधूनमधून लव्हाळा. तिने चप्पल टेकवली तर खालची माती गार लागली.

"दिशा," ती म्हणाली, "तुमच्या माळावर मे महिन्यात गवत हिरवं असतं?"

दिशा धावत आली आणि बघतच राहिली. जन्मापासून ती हा माळ बघत आली होती. इथे पावसाळा संपला की दसऱ्यानंतर हिरवं पान उरत नसे.

त्या संध्याकाळी गावातल्या नळावर काय झालं, ते पाहिलं नसतं तर कदाचित गोष्ट तिथेच राहिली असती. चार दिवसांनी पाणी सुटलं आणि बारा मिनिटांत गेलं. हंडे अर्धेच भरले. बायकांनी दिशाच्या काकांना, छगनकाकांना घेरलं. छगनकाका पंचायतीचे पाणी सोडणारे. ते वरच्या वस्तीला चोरून पाणी देतात, असा सगळ्यांना संशय होता. सगळ्यांत मोठा आवाज रतनबाईंचा होता. शुक्रवारच्या ग्रामसभेत छगनला कामावरून काढायचं, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

छगनकाका गर्दीतून वाट काढत निघाले. घरी आल्यावर मात्र ओट्यावर बसून म्हणाले, "मोटार रोज तीन तास चालती. इहिरीत पानी हाय. पन टाकीत निम्मंच पडतं. मधलं निम्मं कुटं जातं, म्या तरी कसं सांगू?"

अरफाच्या हातातला घास तसाच राहिला. विहिरीपासून टाकीपर्यंत पाइप कुठून जातो, असं तिने विचारलं. काकांनी सांगितलं की नवीन पाइपलाइन गेल्या वर्षीच टाकली आहे, रस्त्याच्या कडेने. ठेकेदार अजिनाथ. नकाशात तसंच दाखवलंय.

रस्ता माळाच्या दुसऱ्या अंगाला होता. हिरवा डाग तिथून चांगला तीनशे पावलं लांब. हिशेब जुळत नव्हता, आणि म्हणूनच अरफाला झोप लवकर लागली. उद्या काय करायचं ते तिला पक्कं कळलं होतं.

बुधवारी सकाळी पार्थने ड्रोन माळावर उंच नेला आणि तिघं मोबाईलच्या पडद्यावर वाकली. वरून तो डाग लांबट दिसत होता. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. माळावरून एक फिकट, सरळ रेघ चालली होती. उकरून पुन्हा बुजवलेली माती तशी दिसते. रेघ विहिरीकडून निघून थेट टाकीकडे गेली होती, आणि हिरवा डाग बरोबर तिच्यावर बसला होता. रस्त्याकडेचा वळसा टाळून कुणीतरी पाइप आडवाच नेला होता.

सरपंच राजेश्वरीताईंकडे तिघं गेली तेव्हा अजिनाथ ठेकेदार तिथेच चहा पीत बसला होता. त्याने फोटो पाहिला आणि हसला. माळावर जुना झरा आहे, आजोबांच्या काळापासूनचा, असं त्याने सांगितलं. ती रेघ म्हणजे गुरांची वाट. पोरांनी खेळणी उडवावीत, पाण्याची कामं मोठ्यांना करू द्यावीत. राजेश्वरीताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोटो दोनदा पाहिला. पण एका फोटोवर पाइप उकरायला लावता येणार नाही, काही पक्कं असेल तर शुक्रवारी सभेत आणा, एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर पार्थ चिडला होता. अरफा चिडली नव्हती. तिच्या दृष्टीने सरपंचांनी प्रश्नपत्रिकाच हातात दिली होती.

झरा असेल तर तो दिवसरात्र सारखाच वाहील. पाइप फुटला असेल तर पाणी मोटार चालू असतानाच वाढेल. मोटार रोज नऊ ते बारा चालायची. म्हणजे गुरुवारी नऊच्या आधी एक फोटो, बाराला दुसरा, आणि शुक्रवारी सकाळी तिसरा, तिन्ही एकाच उंचीवरून. ओल कुठपर्यंत आहे ते वरून दिसावं म्हणून ओलीच्या कडेने खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना गुलाबी रेडियमच्या पट्ट्या गुंडाळायच्या. खुंट्या शेळ्या उपटतील, अशी शंका दिशाने काढली. म्हणून अरफाने आसपासच्या चार मोठ्या खडकांवरही पट्ट्या चिकटवल्या.

ड्रोनचा पोशाखही तिने त्याच संध्याकाळी ठरवला. एक रंग पुरणार नव्हता. पाठ गुलाबी, म्हणजे पडला तर सापडेल. पोट काळं, म्हणजे आभाळात दिसेल. आणि तोंडाला केशरी पट्टा, म्हणजे तो कुणीकडे बघतोय ते कळेल. वाघाचे पट्टे नसल्याचं पार्थला थोडं वाईट वाटलं, पण त्याने मान्य केलं.

गुरुवारचा सकाळचा फोटो नीट आला. बाराच्या फोटोच्या वेळी मात्र खालच्या वावरातून वावटळ उठली. पाचोळा गरगरत वर आला आणि ड्रोनला घेऊन उताराखालच्या पाझर तलावाकडे निघाला. पार्थ हातातल्या रिमोटच्या दांड्या इकडून तिकडे ओढू लागला. ड्रोनचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हेच त्याला कळेना. उलट दाबलं तर तो थेट पाण्यात जाणार होता.

अरफाने धुळीतून काळा ठिपका सोडला नव्हता. तो खाली आला, वळला, आणि क्षणभर केशरी चमकलं.

"तोंड आपल्याकडे आहे," ती शांतपणे म्हणाली. "पार्थ, ऐक. वळवू नकोस. सरळ पुढे घे."

पार्थने दात आवळून दांडी पुढे रेटली. ड्रोन थरथरला, अडला आणि वाऱ्याशी झुंजत काठावर परत आला. तिथे तो गवतात आपटलाच. पण गुलाबी पाठ इतकी लख्ख होती की दिशा सरळ चालत गेली आणि घेऊन आली. पंखे शाबूत होते. वावटळ गेली तशी पार्थने त्याला पुन्हा वर नेलं, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरा फोटो मिळाला.

शुक्रवारी सकाळी तिघं माळावर गेली तर एकही खुंटी जागेवर नव्हती. शेळ्या खुंट्या उपटतात, पण एका जागी मोळी करून ठेवत नाहीत. दिशाचा चेहरा पडला. अरफाने फक्त खडकांकडे पाहिलं. चारही पट्ट्या जागच्या जागी होत्या. तिसरा फोटो काढला.

ग्रामसभेला पंचायतीसमोरचं पटांगण भरलं होतं. छगनकाका एका कडेला मान खाली घालून उभे होते. रतनबाई बोलून झाल्यावर राजेश्वरीताईंनी मुलांना बोलावलं. तिन्ही फोटो पंचायतीच्या टीव्हीवर लागले. पहिल्यात ओल खडकांच्या बरीच आत होती. दुसऱ्यात ती पसरून दोन खडकांना भिडली होती. तिसऱ्यात पुन्हा आत गेली होती.

अजिनाथ उठला. झरा कमीजास्त होतोच, तो म्हणाला, आणि मुलांच्या खुंट्या तर आता जागेवरही नाहीत, मग मापाचा भरवसा काय? अरफाने पडद्यावरच्या खडकांवर बोट ठेवलं. हे खडक तिन्ही फोटोंत तेच आहेत, तिने दाखवलं. खुंट्या नाहीत हे अजिनाथला कसं कळलं, हे मात्र तिने विचारलं नाही. ते विचारायला बाकी गाव होतं, आणि पटांगणात कुजबुज सुरूही झाली होती. तिने एकच विचारलं.

"काका, झऱ्याला छगनकाकांच्या मोटारीची वेळ कशी कळते?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. राजेश्वरीताईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "फावडी घ्या. आत्ताच बघू."

अर्ध्या तासात अख्खं गाव माळावर होतं. नकाशात पाइप तीन फूट खोल होता, माळावर तो दीड फुटावरच लागला. सांधा तडकलेला, आणि त्याच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मोटार चालूच होती; फावडं लागताच पट्टीखालून पाण्याची बारीक धार सरळ अजिनाथच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. राजेश्वरीताईंनी सगळ्यांसमोर त्याच्याकडून लिहून घेतलं: अख्खी लाइन रस्त्याकडेने, पूर्ण खोलीवर, पावसाळ्याआधी पुन्हा टाकून द्यायची. तोवर हा सांधा आजच बदलायचा. मग त्या मुलांकडे वळल्या. गावात इतकी मोठी माणसं, त्या म्हणाल्या, पण गवत हिरवं का हे एकानेही विचारलं नव्हतं.

दुपारी गनीभाई न्यायला आले तेव्हा सांधा बदलून झाला होता आणि टाकी भरत होती. संध्याकाळपर्यंत थांबा, असा छगनकाकांनी त्यांना आग्रह केला. पाच वाजता काका तिघांना टाकीखाली घेऊन गेले, खड्ड्याचं झाकण काढलं आणि हातभर लांबीची लोखंडी चावी अरफासमोर धरली.

"तूच सोड आज," ते म्हणाले. "जोर लागंल, पन सुटंल."

अरफाने दोन्ही हातांनी जोर लावला. चावी आधी हलली नाही, मग करकरत फिरली. पाइपमधून हवेचा लांब सुस्कारा आला आणि त्याच्यामागून पाण्याची घरघर खाली गावाकडे धावत गेली. गनीभाई बाजूला उभे होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बारा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. नळ चालूच होते. रतनबाई दोन हंडे भरून झाल्यावर पदराला हात पुसत चढण चढून वर आल्या. छगनकाकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"छगन," त्या म्हणाल्या, "लई बोलले तुला. आता घरी चल, च्या ठिवलाय." मग मुलांकडे वळून त्यांनी अरफाचा मातीने माखलेला हात धरला. "आन ह्या पोरांनाबी आन. ह्यांच्या डोळ्यांची दिष्ट काढायची हाय मला."