टपली

"साखर कमी आहे का?" असं विचारता विचारता केतकीने मंदारच्या डोक्यात एक टपली मारली. मंदारने कपातला चहा न सांडता सावरला आणि म्हणाला, "ठीक आहे." साखरेबद्दल म्हणाला की टपलीबद्दल, ते कळलं नाही.

समोर बसलेल्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. लेकाला बघायला म्हणून त्या आठवडाभर आल्या होत्या.

"माझ्यादेखत तरी नको गं."

"मग तुम्ही मारता का, आई?"

"मी? मी लहानपणीसुद्धा कधी हात उगारला नाही त्याच्यावर."

"तरीच," केतकी म्हणाली. मंदार हसला नाही. पूर्वी हसला असता.

टपली चुकली की मंदार मरणार, हे सासूबाईंना तीनदा समजावून झालं होतं. कळलंही होतं. बघवत नव्हतं, एवढंच.

मेंदू हा तसा मऊ जिन्नस, ताज्या खरवसासारखा. निसर्गाने तो हाडाच्या पेटीत ठेवला आणि पेटीत पाणी भरलं. भरलेली कळशी विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, तसा मेंदू या पाण्यात तरंगतो; नाहीतर स्वतःच्याच वजनाने खालून चेपला गेला असता. व्यवस्था चांगली आहे. फक्त माणूस आपल्या पायांनी जितका पळेल, तितक्याच वेगाचा हिशेब धरून ती केलेली आहे. स्कूटरवरून उडालेलं डोकं डांबरावर थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही. तो पुढे जाऊन आपल्याच पेटीच्या भिंतीवर आपटतो.

यावर बाहेरून हेल्मेट घालणं हा उपाय होता. पण केतकी आणि मंदारच्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध इतके मोर्चे काढले (मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, आणि मुळात डोकं आमचं आहे) की शेवटी सरकारने हात टेकले. मग एका प्रयोगशाळेने कवचरस शोधून काढला. कॉर्नफ्लॉवर पाण्यात दाट कालवून बघा: बोट हळूच घातलं तर आत जातं, बुक्की मारली तर दगड होतो. कवचरस तसाच. कमरेत सुई टोचून मणक्यातल्या पाण्यात सोडायचा, तिथून तो मेंदूभोवती पोचतो. एरवी पातळ, धक्का बसला की क्षणात घट्ट, धक्का ओसरला की पुन्हा पातळ. सरकारी नाव 'अंतःशिरस्त्राण'. लोक म्हणाले, आतलं हेल्मेट. केस विस्कटत नसल्यामुळे त्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही.

एका टेम्पोला चुकवताना मंदार स्कूटरसकट दुभाजकावर आदळला. उठला, कपडे झटकले आणि टेम्पोवाल्याशी मनसोक्त भांडला. काही झालेलं नाही, असं तो सांगत असताना केतकीने त्याला बळेच रिक्षात घालून स्कॅनला नेलं. मेंदूच्या डॉक्टर फातर्पेकर बाई पडद्यावरच्या चित्रावर वाकल्या.

"आत एक रक्तवाहिनी फुटलीय. कवटी आणि कवचरस यांच्यामध्ये रक्त साचलंय."

"पण हा तर चांगला आहे! भांडून आलाय."

"असंच असतं. आतलं हेल्मेट नव्हतं तेव्हाही असायचं. डोकं आपटलं, माणूस उठला, बोलला, जेवला आणि मग गेला. त्या मधल्या शहाण्यासुरत्या वेळेला आम्ही 'मधली सुट्टी' म्हणतो. पूर्वी ती काही तासांची असायची. आता कवचरस घट्ट आहे तोवर रक्ताचा दाब मेंदूपर्यंत पोचत नाही. तो घट्ट, तोवर सुट्टी."

"आणि पातळ झाला की?"

"घंटा. रिक्षाने आलात म्हणून पोचलात. ॲम्ब्युलन्सचे स्प्रिंग चांगले असतात."

"मग कवटी उघडून रक्त काढा ना!"

"कडेचा रस त्या रक्तात कालवला गेलाय. घट्ट असताना ते सुटत नाही. पातळ होऊ द्यावा तर आम्ही रक्तापर्यंत पोचायच्या आत दाब मेंदूवर येतो. तेव्हा तो घट्टच ठेवायचा. सारखे छोटे छोटे धक्के देत राहायचे."

"एखादं यंत्र नाही?" मंदारने विचारलं.

"यंत्राचा ठेका रसाला कळतो, मग तो ठेक्यावर वाहायला लागतो. धक्का अवचित हवा. तुमचा तुम्ही मारूनही चालणार नाही, मान आधीच सावध होते. गुदगुल्यांसारखं आहे ते. दुसऱ्या माणसाचा हात लागतो."

"केवढा धक्का?"

डॉक्टरांनी योग्य शब्द शोधला. "टपलीएवढा."

"किती दिवस?" केतकी म्हणाली.

"अजून कोणाचं संपलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांना प्रामाणिक राहावंसं वाटलं. "म्हणजे, संपलंय. पण तसं नाही."

त्या वर्षी राज्यात दुचाकीच्या अपघातात एकही माणूस दगावला नाही, असं मंत्र्यांनी अभिमानाने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. मधल्या सुट्टीतला माणूस गेला की दाखल्यावर कारण लिहिलं जाई 'टपली चुकली', आणि पुढे नातं: पत्नी, भाऊ, मुलगी. टेम्पो सुटले. रस्तेही सुटले. उलट, खड्डे बुजवू नयेत असं निवेदन नातेवाइकांनीच दिलं, आणि पालिकेने कधी नव्हे ती एक मागणी तातडीने मान्य केली.

रात्री टपल्या मारायला ब्यूरोच्या मावशी यायच्या. दिवस केतकीचा. ती फोनवर बोलताना मारायची, पोळ्या लाटताना मारायची, न बघता मारायची. मंदार पुढ्यात येईल ते खायचा, लावून दिलेलं बघायचा. घट्ट कवचात मेंदू जगतो, पण बाहेरचं सगळं त्याच्यापर्यंत गादीतून आल्यासारखं येतं, हे डॉक्टरांनी पुढच्या खेपेला सांगितलं. तोवर केतकीच्या लक्षात आलंच होतं. तिला याचं फार वाईट वाटायला हवं होतं. पण मध्येच टपलीची वेळ व्हायची, आणि वाईट वाटणं राहून जायचं.

सासूबाई रिक्षात बसून गेल्या, त्या दुपारी मंदार आपणहून बोलला.

"टपली मला लागत नाही गं. नुसता आवाज येतो. शेजारच्यांचं दार वाजावं तसा."

"मग जोरात मारू?"

"नको. एकदा नुसता हात ठेव."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं तर कळेल तरी."

हे तो कुठलाही चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाला. केतकी त्याच्या मागे उभी राहिली. तिने हात उचलला, सवयीने तो खाली आलाच होता. तो तिने अर्ध्यावर थांबवला आणि अलगद ठेवला. टाळू कोमट होती. इतके दिवस डोक्याला हात लावूनही हे तिला कळलं नव्हतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

"लसूण," मंदार म्हणाला.

"काय?"

"तुझ्या हाताला लसणाचा वास येतोय." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "आई रडत होती?"

"हो."

"आणि तू काय अवतार करून घेतलायस! झोपतेस की नाही? बाईसाहेब, त्या टेम्पोवाल्याला मी म्हटलं होतं—" आणि काय म्हटलं होतं ते आठवून तो हसायला लागला. अगदी जुन्यासारखा, खांदे हलवत. हसताना तोंडाचा डावा कोपरा वर गेला. उजवा गेला नाही.

ही पहिली खूण, डॉक्टरांनी सांगितलं होतं. केतकीने खाडकन टपली मारली. लगेच दुसरी.

हसू बंद झालं. कोपरे हळूहळू एका रेषेत आले.

"काय म्हटलं होतंस टेम्पोवाल्याला?" तिने विचारलं.

"कोणत्या?" मंदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लसूण सोलला, हात तसाच ठेवला आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. काही न बोलता त्याने डोकं किंचित मागे टेकवलं. या खेपेला तिने आधी टेम्पोवाल्याचंच विचारलं. तो सांगायला लागला. शिवी खरोखरच अस्सल होती. केतकीला कित्येक दिवसांनी हसू आलं. तोंडाचा कोपरा कालच्याइतका उतरला, तेव्हा मारायला हवं होतं.

पण गोष्ट अजून संपायची होती. तिने हात तसाच ठेवला.