तीन भिंतींची खोली

हे घडलेलं आहे. अर्धं मला दाजींनी सांगितलं, उरलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुतार. मापात असो की बोलण्यात, अर्धं सूत इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नाही.

निदान आम्हाला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी ते एका टीव्ही मालिकेच्या सेटवर कामाला होते. मालिका आमच्या गावातल्या खऱ्या खटल्यावर होती, बावीस वर्षांपूर्वीच्या. घराच्या वाटणीवर सही देत नाही म्हणून भावाने धाकट्या बहिणीला मागच्या खोलीत कोंडलं, ती तिथेच अन्नपाण्यावाचून गेली, असा आरोप होता.

भाऊ सुटला. कारण दाराची कडी आतल्या बाजूला होती.

"तिनेच लावून घेतली, आम्ही काय करणार?" असं तो कोर्टात म्हणाला होता.

पोलिसांच्या फोटोवरून दाजींनी ती खोली हुबेहूब उभी केली. भिंती तीनच. चौथी बाजू कॅमेऱ्यासाठी मोकळी.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे जेवायला गेले होते. दाजी एकटेच फळीला रंधा मारत होते.

टक... टक... टक.

दाराच्या आतून.

ते वळसा घालून मोकळ्या बाजूला गेले. आत कुणी नव्हतं.

आणि असतं तरी... एक बाजू सताड उघडी असताना दार कोण वाजवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटचा साहेब ओरडला, "अहो काका, कडी बाहेरून काय ठोकलीत? फोटो बघा की जरा! चष्मा घरी राहिला का?"

दाजींनी पाहिलं. कडी खरंच बाहेर होती.

पण ती त्यांनी बसवलेली नव्हती. ही जुनी होती, गंजलेली. चार स्क्रूंपैकी एकाचं डोकं कानशीने घासलेलं...

दाजींनी त्यावरून अंगठा फिरवला. ते डोकं त्यांनीच घासलं होतं. बावीस वर्षांपूर्वी.

त्यांनी कडी काढली, आतून बसवली. बाहेरची भोकं भुसा आणि सरसाने बुजवली. हात झरझर चालले.

हेच काम त्यांनी आधी एकदा केलं होतं.

दुपारी चित्रीकरण सुरू झालं. बहिणीचं काम करणारी पोरगी विशीतली, परगावची. तिने आतून कडी लावली आणि कोपऱ्यात बसली. दिग्दर्शक म्हणाला, "कट!"

ती उठली... आणि दार बडवू लागली.

"उघडा हो! कुणीतरी उघडा!"

लोक हसले. "अगं बाई, इकडून ये की! अख्खी भिंत मोकळी आहे!"

ती त्या बाजूला वळली. हवेत हात चाचपत राहिली... भिंत चाचपावी तशी.

हसू बंद झालं.

दाजी दाराकडे धावले. कडी बाहेर होती. लावलेली.

त्यांनी ती काढली. पोरीने त्यांच्याकडे वर पाहिलं आणि हळूच विचारलं,

"मिस्त्री, चहा गोड होता का?"

आणि कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिला काहीच आठवेना.

त्या संध्याकाळी दाजी ताईसमोर आणि माझ्यासमोर बोलले. बावीस वर्षांपूर्वी खटल्यातल्या त्या भावाने त्यांना पहाटे बोलावून घेतलं होतं. बाहेरची कडी काढून आतून बसव, भोकं बुजव, म्हणाला. खाटेवर कुणीतरी डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन होतं. "झोपलीय," भाऊ म्हणाला. दाजींनी विचारलं नाही. काम झाल्यावर त्याच घरात चहा प्यायले.

"आणि पोलीस आले तेव्हा?" ताईने विचारलं.

"पोरी लहान होत्या आपल्या. तो माणूस वजनदार..."

"पोरींची नावं घेऊ नका यात," ताई म्हणाली आणि उठून गेली.

दाजींनी दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. तो खूश झाला. "काका, कसला शेवट दिलात! घेऊन टाकू."

तो भाग आम्ही एकत्र पाहायला बसलो. सुरुवातीला पाटी आली. सर्व प्रसंग काल्पनिक आहेत.

टक... टक... टक.

आतल्या खोलीच्या दारावर. घरातली सगळी माणसं टीव्हीसमोर होती.

सकाळी दाजी पोलिसांत गेले. जबानी लिहून दिली, सही केली. "बघतो," साहेब म्हणाले. त्याला आठ महिने झाले. तो भाऊ अजून त्याच घरात राहतो.

दाजींनी मात्र आपल्या घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. ताई बाजारात होती, घरात आम्ही दोघंच. मी निघाले तसे दाजी सोडायला बाहेर आले. मी सवयीने दार ओढून घेतलं.

टक... टक... टक.

आम्ही दोघंही बाहेर उभे होतो.

"उघड ते," दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिला कुणीतरी उघडावं लागतं."

मी हात पुढे केला... आणि थांबले.

दाराला ना कडी, ना कुलूप. बोट लावलं तरी उघडेल असं दार.

तरी ती आतून वाजवतच होती.