खड्डेवालीच्या खड्ड्यात कोण येतं?

जरा डोळे मिटा पाहू. अगदी गच्च नकोत, फटीतून थोडा उजेड यावा इतपतच. आता समोर एक डोंगर आणा. त्याच्या उतारावर सकाळचं धुकं पसरवा. धुक्यात एक चौकोनी खड्डा. कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ, भोवती दोरी ताणलेली, आत उतरायला छोटी शिडी. फार फार पूर्वी इथं माणसं राहत होती म्हणे. त्यांच्या चुली, भिंती, फुटकी मडकी शोधायला एक मुलगी हा खड्डा खणते आहे. गावात तिला सगळे ‘खड्डेवाली’ म्हणतात. ती रोज सगळ्यांच्या आधी येते, आणि आज बघते तर काय... कुणीतरी आधीच आत उतरलंय!

चेहऱ्यावर जाळी. हातात धुमसणारं भांडं.

“ए! कोण आहे? बाहेर ये आधी!”

“हळू बोला,” जाळीतून आवाज आला. “त्या आत्ताच कुठं शांत झाल्यात.”

“कोण त्या?”

त्यानं नुसतं बोट दाखवलं. तिच्या मोजणीच्या दांड्याला मधमाश्यांचा अख्खा थवा द्राक्षांच्या घडासारखा लटकला होता. खड्डेवाली दोन पावलं मागे सरकली.

“माझ्या पेटीतून पळाल्या,” तो म्हणाला. “एवढा मोकळा डोंगर सोडून यांना तुमचाच दांडा आवडला. पण माश्यांची निवड सहसा चुकत नाही हो.”

जाळी वर केली तेव्हा तो हसत होता. खड्डेवालीला हसू आलं नाही... म्हणजे आलं, पण तिनं ते गिळलं. परका माणूस, भल्या पहाटे, आपल्या खड्ड्यात?

तो मधवाला होता. उताराची जमीन त्याचीच, आणि त्याच्या निळ्या मधपेट्या खड्ड्याला लागूनच होत्या. घरी तो आणि त्याची भाची, दोघंच. भाचीचे आईवडील शहरात नोकरीला. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

त्या दिवसापासून मधवाल्याला रोज खड्ड्याकडे काही ना काही काम निघू लागलं. कधी पेटी सरकवायची, कधी “वारा सुटलाय, ताडपत्री घट्ट बांधू का?” भिंगरी तर शाळा सुटली की काठावर पालथी पडून प्रश्नांचा भडिमार करी.

“खड्डेताई, यात काहीच निघालं नाही तर गं?”

“तर ज्यांनी मला इथं खणायला पाठवलं, ते सर येऊन काम बंद करतील. खड्डा बुजवायचा आणि मी चालले आपल्या घरी.”

ताडपत्रीला गाठ मारता मारता मधवाला थांबला. गाठ तशीच अर्धी राहिली.

आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी खड्ड्यात खापर सापडलं! लालसर, वर काळ्या रेघांची सुरेख नक्षी. खड्डेवालीनं तिथल्या तिथं उडी मारली आणि सरांना फोन करून टाकला. मग आणखी खापरं निघाली. रोज एखादं, कधी दोन.

एका संध्याकाळी गावातल्या आपल्या खोलीत ती जुन्या टूथब्रशनं खापरं धूत बसली होती. खिडकीत कागदावर मांडून ठेवलेली वाळत होती. अचानक तिचा हात थांबला. खड्ड्यातली माती पिवळी, चिकट. मग या खापरांच्या फटीतून करडी वाळू कशी निघते? आणि प्रत्येक खापर खड्ड्याच्या भिंतीत सापडलं तेव्हा नक्षी बाहेरच होती, पाहुण्यांसाठी फळीवर ताटं मांडावीत तशी. हजारो वर्षांपूर्वी फुटलेलं मडकं इतक्या शहाण्यासारखं पडतं का कधी?

ही खापरं कुणीतरी आणून ठेवतंय. सर येतील, एका नजरेत ओळखतील, आणि म्हणतील, हिनंच ठेवली, नाव कमवायला. हा डाग एकदा लागला की पुन्हा कुणी हातात खुरपीसुद्धा देणार नाही.

“त्यात काय कोडं आहे?” तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा चहाच्या टपरीवरची काकू म्हणाली. “जुनं काही निघालं की लोक बघायला येतात. लोक आले की मध खपतो. तो तुझ्याशी गोड बोलतो ते उगाच होय? धंदाच गोडाचा त्याचा!”

झालं! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की उतरत नाही. आता त्याचं प्रत्येक बोलणं तिला उलटं ऐकू येऊ लागलं.

“तुमचं काम लांबलं तर... बरं होईल,” तो एकदा म्हणाला.

“कुणाचं बरं होईल?”

“अं... डोंगराचं. त्याला सोबत होते.”

त्याचे कान लाल झाले. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली. आणि ते लाल कान आपल्याला आवडले, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

सर यायचे त्या सकाळी खड्ड्याच्या भिंतीत पुन्हा तीन खापरं. काठावर मधवाला उभा. खड्डेवालीचा बांध फुटला.

“पुरे झालं! तुम्हीच ठेवता ना ही?”

“मी?”

“लोक यावेत म्हणून, मध खपावा म्हणून! माझ्याशी चार शब्द गोड बोलायचे तेही त्यासाठीच!”

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग तो सावकाश काठावर पालथा पडला आणि त्यानं हात खाली सोडला. त्याची बोटं खापरांच्या कितीतरी खाली टेकली.

“मला ठेवायची असती तर इथं ठेवली असती, खोल. ही सगळी वरच्यावर आहेत. ठेवणाऱ्याचा हात—”

“—एवढासा आहे,” तिनं वाक्य पुरं केलं.

दोघांनीही एकदमच वळून पाहिलं. निळ्या पेटीमागे एक वेणी थरथरत होती.

“भिंगरे, ये इकडे,” मामा म्हणाला.

ती रडतच आली. “काही निघालं नाही तर ताई जाणार होती... म्हणून मी माझ्या भातुकलीतली दिली. चांगली चांगलीच दिली!”

खड्डेवालीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं भिंगरीला शिडीपाशी बसवलं. “हे बघ, खापर आपल्या जागी असतं ना, तेव्हा ते गोष्ट सांगतं. इथं आधी कोण राहिलं, नंतर कोण आलं, चूल कुठं होती. तिथून उचललं की ते मुकं होतं.”

“मी सगळ्यांना मुकं केलं?”

“केलंस थोडं. पण कुठून आणलीस ते खरं सांगितलंस, तर आपण त्यांना बोलतं करू.”

मग ती मधवाल्याकडे वळली. मान वर होईना. “मी तुम्हाला काय काय बोलले...”

“बोललात. एक आरोप मात्र अगदीच खोटा नव्हता.”

“कुठला?”

“तुम्ही जाऊ नये म्हणून काहीतरी करावं, असं मलाही रोज वाटायचं. फक्त...” कान पुन्हा लाल. “मला खापरं सापडली नाहीत.”

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात खालून जीपचा आवाज आला.

सर उंच आणि मोजकं बोलणारे. त्यांनी टोपी काढायच्या आतच खड्डेवाली म्हणाली, “सर, फोनवर सांगितलं ते चूक होतं. ही खापरं या खड्ड्यातली नाहीत. नीट तपासायच्या आधीच मी हुरळून गेले.”

“ठेवली कुणी?”

तिनं भिंगरीला पाठीशी घेतलं. मधवाला पुढे झाला. “आमच्या घरचं—”

“मी!” भिंगरी मध्येच ओरडली. “मामानं नाही, ताईनं पण नाही. ओढ्याजवळ दरड कोसळलीय, तिथून आणली.”

सरांनी एक खापर उचललं, भिंगातून उलटंपालटं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“या खड्ड्याचं काम आजपासून बंद,” ते म्हणाले. खड्डेवालीचे डोळे भरून आले. “पुढचं मी ओढा पाहून सांगेन. चल गं, दाखव जागा.”

सर आणि भिंगरी पुढे, ही दोघं मागे. वाट निसरडी.

“मग... जाणार तुम्ही?” त्यानं विचारलं.

“कामाचं सर ठरवतील. पण ते नाही म्हणाले, तरी मी सुट्टी काढून येणार आहे.”

“कशाला? बघण्यासारखं काय राहणार इथं?”

“आहे एक. घाईघाईत मी चुकीचं पारखलं होतं,” ती खाली बघत म्हणाली. “आता सावकाश पारखायचंय. वर्षं लागली तरी चालतील.”

एक शेवाळलेला दगड आला. त्यानं हात पुढे केला, तिनं धरला. दगड संपला, वाट सरळ झाली, तरी हात सुटला नाही.

ओढ्याकाठी कोसळलेल्या दरडीखाली सर गुडघ्यांवर बसले. “कुठं गं?”

भिंगरीनं झटकन हात पुढे नेला... आणि तिथंच थांबवला. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं घट्ट अडकवली, आणि मातीतून डोकावणारा मडक्याचा काठ नुसत्या हनुवटीनं दाखवला.