धुकुली आणि पाणुली

धुकुली पक्ष्याचा नर आठ दिवस जीव तोडून शीळ घालत होता आणि त्याच जाळीघरातली मादी ढिम्म हलत नव्हती.

घाटमाथ्यावर उरलेला हा शेवटचा पक्षी. त्याचा वंश टिकावा म्हणून ऊर्वीच्या आजोबांनी, पक्षिशास्त्रज्ञ भास्कर गवसांनी, घाटाखालच्या जंगलातून मादी आणली होती. दोघं दिसायला हुबेहूब. मग ही त्याला ओ का देत नाही? दहा वर्षांच्या ऊर्वीला काही उमगेना.

तिने दोघांची गळालेली पिसं आजोबांच्या जनुकवाचक यंत्रात घातली. (जनुकं म्हणजे आईबापांकडून पिल्लाला मिळणाऱ्या, शरीर घडवणाऱ्या सूचना.) यंत्राने फरकांची भलीमोठी यादी दाखवली.

आजोबांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी तिला सावकाश समजावलं. दोघांचे पूर्वज एकच. पण खाली उकाडा आणि ओढ्याचा खळखळाट, तिथे बारीक, उंच शीळच ऐकू जाते. वर थंडी आणि बोचरा वारा, तिथे दाट पिसांचीच पिल्लं तगतात. ज्याला जिथली हवा मानवली, त्याचीच जनुकं तिथे पुढे गेली. मध्ये ना समुद्र, ना भिंत; पण वरचा खाली रुजेना, खालचा वर टिकेना, आणि माद्या आपापल्याच शिळेला भुलत. हजारो पिढ्यांत जनुकं दुरावली. यालाच जनुकीय अपसरण (एका कुळाची जनुकं वेगळ्या वाटांना लागणं) म्हणतात.

"मग तुम्हांला आधी कसं कळलं नाही?"

"वाडीतली एक म्हातारी मला सांगत होती, 'डॉक्टरांनु, वरची ती धुकुली, खालची ती पाणुली. खालचां पाखरू वेगळां आसा.' मी हसलो. म्हटलं, एक माहेरचं नाव, एक सासरचं, पक्षी एकच. तसाच अहवाल दिला. पक्षी खाली आहेच म्हणून वरचं जंगल पवनचक्क्यांसाठी तोडलं गेलं, बाळा."

ऊर्वीला त्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं.

समोरच्या डोंगरावर अजून जंगल होतं. तिथे धुकुली नव्हती, पण तिथल्या दुसऱ्या पाखरांबद्दलही आजोबांनी 'हीच खालीही आहेत' असंच लिहिलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या ठरलेल्या जंगलतोडीची जनसुनावणी होती. आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि भरसभेत म्हणाले, "माझा अहवाल चुकला आहे." जनुकांची तपासणी होईपर्यंत तोड थांबली.

संध्याकाळी दोघं जाळीघरात आली. मादीला त्यांनी तिच्या जंगलात सोडायला पिंजऱ्यात घेतलं. नर गायचा थांबला होता. समोरचा डोंगर वाचेल, पण या नराच्या शिळेला ओ देणारी आता कुठेच उरली नव्हती.