भिंतीवर दोन ठोके

ओस्नाब्रुकमध्ये बॉम्बचा रविवार जत्रेसारखा जाहीर होतो. कुठेतरी पाया खणताना महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडतो. मग सगळी वस्ती रिकामी करायची, शाळेच्या सभागृहात वाटाण्याचं सूप पीत बसायचं, आणि तो निकामी झाला की घरी. आमचं हे तहाचं शहर; सोळाशे अठ्ठेचाळीसमध्ये तीस वर्षांचं युद्ध इथल्या तहानं संपलं. त्या जुन्या तहाच्या आठवणीत मुलं दरवर्षी काठीचे घोडे नाचवत नगरभवनाच्या पायऱ्या चढतात. आणि मातीच्या पोटात हे पीक अजून शिल्लक आहे.

त्या रविवारी बाबा तळघरातून वर येईनात.

खाली बटाट्यांचा ओलसर वास होता. बाबा कोट घालून भिंतीला कान लावून बसले होते. लढाईच्या काळात शेजारशेजारच्या तळघरांमधल्या भिंतीचा एक तुकडा मुद्दाम पातळ ठेवत. एक घर कोसळलं, तर विटा फोडून दुसऱ्यात निसटता यावं म्हणून. आमच्या भिंतीतला तो तुकडा राहिला, पलीकडचं घर राहिलं नाही. बाबांची गेझिने नावाची धाकटी बहीण बॉम्ब पडला त्या दिवशी पलीकडे खेळायला गेली होती. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. खाली नुसती माती.

"बाबा, चला. नाहीतर पोलीस उचलून नेतील तुम्हाला."

"नेऊ देत की. लग्नातसुद्धा कुणी उचललं नव्हतं मला."

"थट्टा पुरे. तो फुटला तर आपलं घर पहिलं जाईल."

"मी गेलो तर यांना उत्तर कोण देणार, वीब्के?"

तेवढ्यात मला ऐकू आलं. टक. टक. विटेच्या आतून, बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

"पाण्याचा नळ असेल," मी म्हणाले. मुख्य नळ मीच मघाशी बंद केला होता.

"बॉम्बच्या दिवशी घाबरतात ती," बाबा हळू म्हणाले. "दोन ठोके दिले की गप्प होतात. दोन म्हणजे, बसून राहा, अजून संपलं नाही."

"मी देते. तुम्ही वर जा."

"दोनच हं."

"दोनच."

दारातल्या मदतनीस बाईनं त्यांना हात देऊन गाडीत बसवलं. मी भिंतीवर दोन ठोके दिले. आतलं सगळं शांत झालं, रडून थकलेलं मूल झोपावं तसं.

सभागृहात बाबांनी सूप ढवळलं, प्यायले नाहीत.

"दिलेस?"

"दिले. दोन. मग वर येऊन घराला काही होऊ नये म्हणून दाराच्या लाकडावर तीनदा वाजवलं. आपण सगळेच वाजवतो तसं."

त्यांचा चमचा थांबला.

"तळघराच्या दारावर?"

"हो."

"तीन म्हणजे मोकळं झालं," ते म्हणाले. "तीन म्हणजे, या वर."

मी हसून काही बोलणार होते. तेवढ्यात कोपऱ्यातला अग्निशमन दलाचा माणूस ओरडला, "आता कोण मूर्ख रस्त्यावर आलंय? थांबवा तिकडचं काम!"

त्याच्या पडद्यावर ड्रोननं टिपलेली आमची गल्ली होती. आमच्या दारासमोर बायका उभ्या होत्या, मुलं होती. जूनच्या उन्हात जाड कोट घातलेले. हातात पेट्या.

त्यानं बटण दाबलं. "अंगाची ऊब दाखवतो हा कॅमेरा," तो पुटपुटला.

गल्ली रिकामी.

पुन्हा बटण. पुन्हा माणसं.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकले. एका बुटक्या आकृतीवर त्यांनी बोट ठेवलं.

"बुटाची नाडी सुटलीय हिची," ते म्हणाले. "पडेल."

"ड्रोन खाली घेतो," तो माणूस म्हणाला.

"नको!" बाबा ओरडले. "त्यांना आवाज जाईल!"

ड्रोन उतरू लागला.

पडद्यावरच्या साऱ्यांनी एकदम माना वर केल्या.

आणि धावत सुटले. एकमेकांना ढकलत, मुलांना ओढत, आमच्या घरात. शेवटच्या बाईनं दार ओढून घेतलं.

"गेले एकदाचे. रस्ता मोकळा," तो माणूस म्हणाला.

बाबा रडत होते. "त्यांनी आता आभाळ पाहिलं," ते म्हणाले. "आता दोन ठोक्यांवर नाही बसायची ती."

थोड्या वेळानं निरोप आला, बॉम्ब निकामी झाला, घरी जायला हरकत नाही. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. लोक पिशव्या उचलू लागले.

आम्ही दोघं बसून राहिलो.