दादाला उभं करायला आलेला

फिजिओथेरपीचं सेंटर पहिल्या मजल्यावर होतं आणि त्या दिवशी नेमकी लाइट गेलेली. लिफ्ट बंद. भागवतदादाची व्हीलचेअर जिन्यापाशी लावून मी नुसतीच उभी होते. बाहेर पत्र्यावर श्रावणातली सर तडतडत होती. सव्वीस वर्षांचा दादा, सत्तर किलो वजन... आणि डावं अंग लुळं.

"उचलू का?"

मी वळून पाहिलं. भिजलेला शर्ट, कपाळाला चिकटलेले केस, रुंद खांदे. आमच्या लातुरात अनोळखी पोरगा मुलीला आधी 'ताई' म्हणतो. हा म्हणाला नाही – आणि ते माझ्या लगेच लक्षात आलं.

दादा त्याच्याकडे बघत राहिला. खूप वेळ. मग अडखळत म्हणाला, "उचल."

त्यानं दादाला पाठीवर घेतलं आणि न थांबता सगळा जिना चढला. वर पोचल्यावर त्याचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, दमला असेल.

"काय खाता हो तुम्ही?" मी हसून विचारलं.

"रोज शंभर बेडूकउड्या. नवख्या पोरींना वुशू शिकवतो ना... त्यांना मारायला लावल्या की मलाबी माराव्या लागतात. मृत्युंजय म्हणतात मला."

माझं हसू तिथंच थांबलं. चौदा महिन्यांपूर्वी नांदेडला वुशूच्याच, लाथाबुक्क्यांच्या त्या चिनी खेळाच्या, लढतीत दादाच्या कानशिलावर लाथ बसली होती. मेंदूत रक्त साकळलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, डावी बाजू गेली. माझी परीक्षा होती म्हणून मी लातुरातच होते. आई मात्र तिथं होती. तेव्हापासून आमच्या घरात त्या शब्दाला बंदी होती; समोर कोण खेळत होतं, तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण दादाच म्हणाला, "मला... शिकवशील? पहिल्यापासून?"

मृत्युंजय घरी यायला लागला. सकाळी साडेदहाला, आई अंगणवाडीत गेली की. मी दुपारून मेडिकलवर कामाला जायचे. खिडकीचा गज धरून तो दादाला उभं करायचा. "पाय खांद्यापेक्षा रुंद ठेव. गुडघे वाकव. घोड्यावर बसल्यासारखं. पाठ ताठ." राज्यपातळीवर खेळलेला माझा भाऊ पहिल्या दिवसाचा धडा घेत होता आणि तीन आकडे मोजून होईतो त्याच्या मांड्या लटलटत होत्या. पहिल्या आठवड्यात तो दोनदा पडला. एकदा उभ्या उभ्या लघवी झाली. मृत्युंजयनं फरशी पुसली, दादाची पँट बदलली आणि मला हाकही मारली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं. त्या दिवसापासून मी केस विंचरून त्याची वाट बघायला लागले.

"रविवारी मी न्हाई येत. तवा व्यायाम तुलाच घ्यावा लागंल," तो एकदा म्हणाला. "तू बी शीक."

मग मलाही घोडा आला. पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवायचा, तो धनुष्याचा पवित्राही आला. माझा मागचा गुडघा वाकायचाच. तो झाडूच्या दांड्यानं ठोकून दाखवायचा, हात कधी लावायचा नाही.

"अजून खाली बस."

"एवढं खाली? मी काय म्हैस धुवायले का?"

"तोंड चालायलंय म्हंजे दम हाय. अजून वीस."

"तुमच्या विसात तीस असतात, बघितलंय मी."

"तू समोर असलीस की... मोजताना चुकतं," तो म्हणाला आणि घाईघाईनं दादाकडे वळला. दादा गालातल्या गालात हसत होता, अर्ध्याच गालात.

पाय सरळ ठेवून कपाळापर्यंत फेकायची लाथ त्यानं मला शिकवली, पण सगळी तोंडानंच. "एकदा मारून दाखवा की," मी म्हणायचे.

"पाय दुखतो."

"मास्तर आणि पाय दुखतो!"

तो हसायचा नाही. दादा खिडकीबाहेर बघायचा. एकदा लाथ मारताना मी घसरले, तेव्हा त्यानं मनगट धरलं... आणि सोडायला उशीर केला. त्या दिवशी मेडिकलवर मी दोघांना चुकीची गोळी देता देता थांबले.

मार्गशीर्षात दादा आधाराशिवाय सात आकडे उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दार लोटून आई आत आली, नेहमीपेक्षा दोन तास आधी.

तिच्या हातातली पिशवी गळाली. "ह्यो... ह्यो हितं?"

"आई, हे मृत्युंजय. दादाला –"

"ठावं हाय मला कोण हाय ते! तुला न्हाई ठावं, दीपे. ह्यानंच मारली ती लाथ. माझं लेकरू ह्यानंच पाडलं!"

तिनं पायातली चप्पल काढली. छातीवर, खांद्यावर, तोंडावर मारत राहिली. हात वर करून डोकं वाचवणं तो पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचा. त्यानं हात वर केले नाहीत.

"आई... मीच बोलावलं," दादा ओरडायचा प्रयत्न करत होता. "लाथ... नियमातली होती. मीच... हात खाली घेतला."

"तू गप ऱ्हा!"

मृत्युंजय गेला. पुढचे दहा दिवस दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी कितीही विनवलं तरी उठेना. मांडी पुन्हा वाळत चालली.

"तुला ठाऊक होतं!" शेवटी मी त्याच्यावर ओरडले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तू... हसाय लागलीस," तो म्हणाला. "लई दिसांनी."

दुसऱ्या दिवशी मी मृत्युंजयच्या वुशूच्या हॉलवर गेले. शाळकरी मुली रांगेत घोड्यात बसलेल्या. त्यानं त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला पाठवलं. त्याच्या भुवईवर चपलेची जखम अजून काळी होती.

"त्या दिवशी जिन्यापाशी तू योगायोगानं होतास?"

"न्हाई. चार महिने तिथं खाली येऊन उभा ऱ्हायचो. समोर यायची हिंमत न्हवती."

"माफी मागायला?"

"हाव. आलतो माफीसाठीच. पण मग..." तो जमिनीकडे बघत होता. "मग तुझ्यासाठीबी यायला लागलो. त्याचीच लाज वाटते, दीपमाला. ज्याचं वाटोळं केलं त्याच्याच घरात बसून सुखी व्हायलो मी."

मला त्याला मारावंसं वाटलं. रडू आलं ते वेगळंच. "मी तुला माफ केलंय का, मला ठाऊक न्हाई," मी म्हणाले. "पण तू आला न्हाईस की दिवस सरत न्हाई. दोन्ही खरं हाय. आता सांग, मी काय करू?"

त्यानं मान वर केली. "लग्न करशील माझ्याशी?" त्यानं विचारलं, जणू काही शिक्षा मागत होता.

"घरी ये. आई असताना ये. चोरून न्हाई."

तो आला. आई आमच्याकडे पाठ करून चुलीशी बसली. मी लग्नाचं सांगितलं. तवा तापून धूर निघाला तरी तिनं भाकरी टाकली नाही.

"लग्नात जावयाचे पाय धुवावं लागतात, दीपे," ती म्हणाली. "तो पाय मी धुवू?"

मग तिनं धुरकटलेला तवा उतरवून ठेवला.

फाल्गुनात आम्ही रजिस्टर लग्न केलं. मृत्युंजय त्याआधीचे दोन महिने आई घरी असतानाच येत होता, दादा पुन्हा उठत होता, आणि तो येण्याच्या वेळेला आई परसात जाऊन बसत होती. लग्नाला ती आली नाही. दादा काठी टेकत आला आणि पहिला साक्षीदार झाला. सही करताना त्याच्या ओठातून लाळ गळली, ती मी शालूच्या पदरानं पुसली. हार घातले. फोटोत आम्ही तिघंही हसत नव्हतो.

दादाला सोडायला रिक्षानं घरी आलो. आई दारात उभी होती. हातात ताट नाही, भाकरतुकडा नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. मृत्युंजय पायरीखालीच थांबला. दादा काठी टेकत एकटाच वर निघाला आणि उंबऱ्याशी डगमगला. मी धावणार, तेवढ्यात आईचा आवाज आला.

"नुसता बघत काय ऱ्हायलास?" ती मृत्युंजयला म्हणत होती. त्याच्याशी इतक्या महिन्यांत एक शब्द बोललेली नव्हती ती. "डाव्या अंगानं धर त्याला. उंबऱ्याला पाय अडकतो त्याचा."

त्यानं बूट काढले, दोन पायऱ्या चढला आणि दादाच्या काखेत हात घातला. आई दारातून बाजूला सरली.